अर्ध्या तालुक्याचा ईमेल

आधीच सांगून ठेवतो, मी चोर नाही. नंतर कोणी म्हणाल की लीलाधरने असं कसं केलं, तर अगोदर येऊन माझं दुकान पाहा. अर्जुनी मोरगावला बसस्टँडच्या मागे 'शामकला ऑनलाइन सेवा केंद्र' अशी पाटी दिसेल. शामकला म्हणजे माझी माय. पंधरा वर्षं झाली, सकाळी नऊपासून माणसं येऊन बसतात. धान विकायची नोंदणी, जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, भरती, पेन्शन, सगळे फॉर्म माझ्याच हातून जातात. आणि प्रत्येक फॉर्मात एक रकाना असतोच असतो, ईमेल. आता सुकरामबुढ्याकडे ईमेल कुठून येणार? त्याच्या डोळ्यांवरचा चष्मासुद्धा बायकोचा आहे. मग मी माझाच टाकतो. ओटीपी मला येतो, फॉर्म पुढे सरकतो, माणूस घरी जातो, कोणाचा दिवस बुडत नाही. असं करता करता अर्धा तालुका माझ्या एका ईमेलवर येऊन बसला. न वाचलेल्या मेलचा आकडा एक्केचाळीस हजारांच्या वर गेला तेव्हा मी तिकडे पाहणंच सोडून दिलं.

तर ही गोष्ट प्रेरणाची आहे. मी तिच्यात मधेच कडमडलो.

प्रेरणा मनिराम कापगते. आमच्यापासून अकरा किलोमीटरवर तिचं गाव. घरी चार एकर धान, आणि गावच्या तलावाचं पाणी सोडायचं काम आजोबापासून त्यांच्याच घराकडे. तलाव मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळचा. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी आधी, कोणाच्या नंतर, यावरून दरसाल डोकी फुटायची वेळ येते. म्हणून मनिरामकाकाजी रोज सकाळी तलावातल्या दगडावर हाताने पाणी मोजतात आणि शाळेच्या वहीत लिहितात. बावीस वर्षं झाली, एक दिवस चुकवला नाही. लहानपणी ती वही धरून बापाच्या मागे चालायचं काम या पोरीचं होतं. पुढे ती नागपूरला कॉम्प्युटर इंजिनिअर झाली, एम.टेक. झाली, आणि गोंदियाच्या एका पॉलिटेक्निकमध्ये तासिका तत्त्वावर लागली. तासिका तत्त्वावर म्हणजे वर्ग असला तर मॅडम, सुटी लागली की कोणी नाही.

तिला नागपूरच्या एका मोठ्या संस्थेत कॉम्प्युटरमध्ये पीएच.डी. करायची होती, आणि तीही याच तलावावर. तिचं म्हणणं असं, की काकाजींना पाणी कधी सोडायचं ते जसं अंदाजाने कळतं, तसं कॉम्प्युटरला शिकवता येईल. शेवटच्या बांधीलाही पाणी पोचेल, आणि हे सगळं रेंज नसलेल्या साध्या फोनवर चालेल. मी म्हटलं, "येवढं शिकून अजून शिकायचं कायले जी?" तर म्हणाली, "भाऊ, तुम्ही फॉर्म भरून कंटाळता का?" मी म्हटलं, "कंटाळतो ना." मग ती हसली आणि दुसरंच काही सांगायला लागली.

ही पोट्टी बसलेली मी कधी पाहिली नव्हती. दुकानात आली की काउंटरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पेनचं टोपण काढ, लाव, काढ, लाव. मी स्टूल सरकवायचो, ती त्याच्यावर बॅग ठेवायची आणि उभ्यानेच टाइप करायची. बोलता बोलता अर्ध्यातच दुसरं सुरू. पहिल्या वर्षी तिचा फॉर्म एका दाखल्यापायी बाद झाला. दुसऱ्या वर्षी मुलाखत झाली, तिथे म्हणाले, कल्पना चांगली आहे पण यंत्राने घेतलेलं मोजमाप कमी आहे. मग या बाईने प्लास्टिकच्या डब्यांत कायकाय तारा भरून आठ यंत्रं बनवली, तलावात जागोजाग बसवली, आणि पूर्ण वर्ष दर रविवारी कमरेएवढ्या पाण्यात उतरून त्यातलं मोजमाप उतरवून आणलं. एक डबा म्हशीने चेंदला तर दुसऱ्या दिवशी नववा तयार.

यंदा तिसरी खेप होती, आणि शेवटची. इंजिनिअरिंगवाल्यांची देशभराची एक परीक्षा असते, गेट म्हणतात. तिचा निकाल तीनच वर्षं चालतो. प्रेरणाची मुदत पुढच्या मार्चात संपत होती. ती मला काउंटरवर बोट आपटून म्हणाली होती, "भाऊ, यंदा नाही झालं तर मी पुन्हा ते परीक्षा देणार नाही. माझ्यात ताकदच नाही उरली. मग हे तलाव-बिलाव सोडून देईन अना जे भेटेल ते करीन." हे मला माहीत होतं. म्हणजे जे केलं ते अजाणतेपणी केलं असं म्हणायची सोय मला नाही.

एप्रिलमधला फॉर्मचा शेवटचा दिवस. संध्याकाळी पाचला मुदत संपणार. तिच्या गावात नेट चालत नव्हतं, म्हणून सकाळीच ती माझ्याकडे आली. मी सवयीने माउस हातात घेतला तर म्हणते, "राहू द्या भाऊ, मीच भरते." मला नाकाला मिरच्या झोंबल्या. पंधरा वर्षं मी काय शेंगा सोलून राहिलो काय? पण माउस तिच्याकडे सरकवला. तिने सगळं भरलं, फक्त एक दाखला दुपारी मिळायचा होता. आणि तिला तर गोंदियाची गाडी पकडायची होती, पॉलिटेक्निकमध्ये प्रॅक्टिकलच्या परीक्षेची ड्युटी होती. शेवटी तिने माझ्याकडे पाहिलं. दुसरं कोण होतं?

"भाऊ, दाखला आला की तो येवढा एक कागद चढवजो अना सबमिट दाबजो. बाकी कशालेच हात नको लावजो."

"नाही लावत बापा," मी म्हटलं.

दाखला तीनला आला. कागद चढवला. सबमिट दाबलं, तर वेबसाइट गोल गोल फिरत राहिली. चार वीसला पुढे गेली आणि म्हणते, अर्जदाराच्या ईमेलवर ओटीपी पाठवला आहे, तो टाका. मी प्रेरणाला फोन लावला. कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. परतीची गाडी कुठेतरी जंगलात क्रॉसिंगला उभी असणार. पुन्हा लावला, पुन्हा तेच. चार पस्तीस झाले. चाळीस झाले. मागे आठ माणसं उभी, एक म्हणतो माझं आधी, दुसरा म्हणतो मी सकाळपासून बसलो. ओटीपीच्या खाली एक बटण होतं, 'ईमेल बदला'. मी ते दाबलं. तिचा ईमेल खोडला, माझा टाकला. ओटीपी टुणकन माझ्याकडे आला. चार बावन्नला फॉर्म गेला.

इथपर्यंत मी केलं त्यात मला आजही काही चूक वाटत नाही. चूक त्याच्या पुढची आहे.

सहाला तिचा फोन आला. "झालं काय भाऊ? मले ओटीपी आलेला दिसून राहिला. तुम्ही कसं केलं?"

आता सरळ सांगायचं होतं ना? पण सकाळची ती 'राहू द्या भाऊ' कानात होती, आणि 'हात नको लावजो'सुद्धा. मी म्हणालो, "वेबसाइटने दुसऱ्यांदा ओटीपी नाही मागतला. झालं ना एकदाचं? पावतीचा फोटो पाठवतो." मनात म्हटलं, काय येईल ते मेल आपण तिला लगेच पाठवून देऊ, तिला कळायचंही नाही. दहा दिवस मी रोज सकाळी अगरबत्तीच्या आधी मेल तपासला. मग उन्हाळी धानाच्या नोंदणीची गर्दी उसळली. दिवसाला दोन-दोनशे मेल येऊन पडायला लागले, आणि माझ्या डोक्यातून ते निघून गेलं. खरं सांगायचं तर निघून गेलं नाही, मी काढून टाकलं.

प्रेरणा मात्र सुटी लागली तशी दर दोन दिवसांनी दुकानात. "भाऊ, तुमच्या नेटवरून एकदा पाहू द्या." स्वतःचा मेल उघडायची, बंद करायची, पुन्हा उघडायची. फॉर्मचा नंबर टाकून पाहिलं की वेबसाइट म्हणायची, अर्ज विचाराधीन आहे. "विचार करून राहिले म्हणते. किती विचार करतात हे लोक?" असं म्हणत काउंटरच्या कडेने फेऱ्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, ती आली की मी माझा मॉनिटर भिंतीकडे वळवून घ्यायचो. एकदा चिडून म्हणालोही, "सारखं सारखं पाहून मेल येते काय?" ती म्हणाली, "मले झोप येत नाही भाऊ, मी काय करू?"

मेच्या शेवटल्या आठवड्यातल्या सोमवारी ती आली. नेट मागितलं नाही. बॅग खाली ठेवली आणि स्टुलावर बसली. पंधरा-वीस मिनिटं बसून होती. पेनाचं टोपणही हातात नव्हतं. मग म्हणाली, "ज्यायले बोलावायचं त्यायले बोलावलं असेल. इथं डेटा एन्ट्रीची जागा निघाली म्हणतात ना? ते फॉर्म द्या काढून." मी फॉर्म काढून दिला. ती बसल्या बसल्या भरत होती. तरी त्या दिवशीही मी मेल तपासला नाही. भीती वाटली, दुसरं काय.

बुधवारी दुपारी धुरपताबाई आली. म्हातारी एकटी दोन एकर कसते आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशी बोलते. तिच्या धानाच्या नोंदणीचा ओटीपी दिसेना म्हणून मी मेलमध्ये खाली खाली जात होतो. खाली जाता जाता एक ओळ दिसली. इंग्रजीत होती. पीएच.डी. प्रवेश, मुलाखतीसाठी निवड, उमेदवार प्रेरणा मनिराम कापगते. अकरा दिवसांपूर्वीचा मेल. उघडला. मुलाखती मंगळवार ते गुरुवार. प्रेरणाची मंगळवारी, सकाळी अकरा वाजता. म्हणजे काल.

"काय झालं रे बापू? घामाघूम काऊन झाला?" धुरपताबाई म्हणाली.

बोट माउसवर होतं आणि कचऱ्याच्या डब्याचं ते लहानसं चित्र समोर होतं. एकदा दाबलं की संपलं. तिला वाटतच होतं की बोलावलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी सांगितलं तर तिचा विश्वास तर जाईलच, पण उद्या सगळा तालुका म्हणेल की लीलाधरच्या हातात काही द्यायचं नाही. पंधरा वर्षं एका दुपारी पाण्यात. मी किती वेळ तसा बसलो माहीत नाही, म्हातारी दोनदा ओरडली. खरं सांगतो, मी काही देवमाणूस नाही. पण सोमवारी ती स्टुलावर बसली होती ते डोळ्यांसमोरून हलेना. मी मेल छापला, धुरपताबाईला म्हटलं, "माय, उद्या ये," आणि शटर ओढलं.

प्रेरणाचा फोन लागत नव्हता. मोटरसायकल काढली. ऊन असं की हँडल हाताला चटके देत होतं. तिच्या गावाला पोचलो तर बापलेक दोघंही तलावावर. पाणी पार आटून मधोमध आलं होतं. काकाजी पाळीवर, तलावाच्या बांधावर उभे, ती खाली चिखलात आपले डबे उपटून टोपलीत टाकत होती. आता कामाचे नाहीत म्हणून.

"लीलाधर? आता या उन्हात कायले आला रे?" काकाजी म्हणाले.

ताकाला जाऊन भांडं कायले लपवायचं? मी कागद पुढे केला आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. ईमेल बदलला ते, फोनवर खोटं बोललो ते, सगळं. प्रेरणा चिखलाच्या हाताने कागद वाचत होती. दोनदा वाचला. मग माझ्याकडे पाहिलं.

"हात नको लावजो म्हटलं होतं ना मी?"

"हो."

"म्हटलं होतं ना?" ती इतक्या जोरात ओरडली की पाळीवरचे बगळे उडाले. "तुमच्याजवळ एक महिना होता भाऊ! एक महिना मी तुमच्या डोळ्यांसमोर मरून राहिली होती अना तुम्ही तिकडे तोंड करून बसत होते!" तिने हातातला डबा माझ्या पायाशी आपटला. डबा फुटला. मग ती तिथेच चिखलात उभी राहून रडली, तोंड न झाकता. मला वाटलं जमिनीने पोटात घ्यावं. काकाजींनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "बावीस वर्षं मी लोकायच्या बांधीत पाणी सोडतो. एखाद्याची पाळी चुकली तर त्याच दिवशी त्याच्या घरी जाऊन सांगतो. दुसऱ्या दिवशी सांगून धान जगत नाही."

मग त्यांनीच तिला विचारलं, "बाई, उद्याचा दिवस आहे म्हणते ना कागदावर?"

पाळीवरच्या आंब्याखाली एक काडी रेंज येते. प्रेरणाने तिथे उभी राहून संस्थेत फोन लावला. पलीकडून एक बाई बोलत होती. उद्या शेवटचा दिवस आहे, चारपर्यंत कमिटी बसेल, लेखी कारण आणा, ज्याच्या चुकीने झालं त्याची सही आणि त्याचा फोन नंबर पाहिजे. घेतील की नाही ते कमिटी ठरवेल, मी काही सांगू शकत नाही. प्रेरणा "हो मॅडम, हो मॅडम" करत आंब्याभोवती फिरत होती. ती पुन्हा फिरायला लागली होती हे मी पाहिलं.

तिला घेऊन दुकानात आलो आणि लिहायला बसलो. आयुष्यात दुसऱ्यांचे हजार अर्ज लिहिले, हात आपोआप चालला. 'तांत्रिक अडचणीमुळे सदर उमेदवारास'... एवढं लिहिलं तोच तिने कागद ओढून फाडला.

"तांत्रिक नाही. तुम्ही."

दुसरा कागद घेतला. पाच ओळींना अर्धा तास लागला. 'मी लीलाधर डोंगरवार, प्रेरणा कापगते हिचा ईमेल तिला न विचारता बदलला. तिने विचारलं तेव्हा खोटं सांगितलं. तिला आलेलं बोलावणं माझ्याकडे अकरा दिवस पडून होतं. यात तिची काही चूक नाही.' खाली सही. तिने त्याच्याखाली तेच इंग्रजीत लिहिलं.

नागपूरची गाडी निघून गेली होती. साकोलीपर्यंत गेलं की हायवेवर रात्री उशिरापर्यंत गाड्या मिळतात. बसस्टँडवर हिमांशूचा टेम्पो उभा होता. हिमांशू बत्तीस-तेहतीसचा, आमच्याच गल्लीतला. पूर्वी पहाटे मैदानावर धावताना दिसायचा, भरतीच्या नादात होता, आता मिरची-कांदा वाहतो. त्याचेही सगळे फॉर्म मीच भरलेले. काय झालं ते ऐकून तो माझ्यावर हसला. "बढिया काम करते हो लीलाधरभाऊ!" म्हणाला आणि कांद्याची पोती एका बाजूला लोटून तिला पुढे बसवलं. मी मागे पोत्यांवर. रस्ताभर तो तिला धीर देत होता. "तू घाबरू नको बाई. तुले बोलावलं तरी. मी तर लेखी परीक्षा इतकी छान देऊन आलो होतो, वाटलं होतं यंदा पक्कं. कोणी बोलावलंच नाही. मग वय निघून गेलं. तू जा, भांड तिथं जाऊन." साकोलीला तिला बसमध्ये बसवलं तेव्हा सात वाजत होते. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

गुरुवारी मी दुकान उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. चार फॉर्म चुकीचे भरले. दुपारी अडीचला अनोळखी नंबरवरून फोन. "लीलाधर डोंगरवार का? हे पत्र तुम्ही लिहिलं आहे?" मी उठून उभा राहिलो. "हो सर, मीच. पोरीची काही चूक नाही सर." पलीकडून एवढंच म्हणाले, "ठीक आहे," आणि फोन ठेवला. त्यानंतर दिवस कसा गेला ते माझं मला माहीत.

शनिवारी प्रेरणा आली. उभीच होती. मुलाखत घेतली होती त्यांनी, सगळ्यांच्या शेवटी. "तलावाचं विचारलं, बाबांच्या वह्या पाहिल्या. मग ते पत्र काढलं. एक सर म्हणाले, कॉम्प्युटरच्या माणसाचा ईमेल दुसऱ्याच्या हातात कसा? मी म्हटलं, आमच्याकडे सगळ्यायचाच असते. ते हसले. पण एक मॅडम होत्या, त्या नाही हसल्या. म्हणाल्या, तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं? मग तुम्ही काय केलं?" तिने पेनाचं टोपण काढलं, लावलं. "मले उत्तर नाही देता आलं भाऊ. दहा वर्षं मी तुमच्या दुकानात येऊन राहिली, अना मले ते दिसत होतं."

मी म्हटलं, "मी माफी मागतो प्रेरणा."

"माफी नको मले. हे जेवढे लोक तुमच्या ईमेलवर आहेत ना, त्यायचं त्यायले परत करा. प्रत्येकाचा वेगळा ईमेल, त्याच्या घरच्या फोनवर. अना देण्याआधी त्याच्या नावाचं तुमच्या मेलमध्ये शोधा, काय काय आलेलं आहे ते. छापून हातात द्या."

"अगं हजार-दीड हजार माणसं आहेत!"

"मग आजच सुरू करा," ती म्हणाली आणि स्वतःच पहिलं नाव काढलं.

जूनभर ती रोज आली. मी नाव वाचायचो, ती शोधायची. लोकांना तर हे अजिबात नको होतं. धुरपताबाई म्हणाली, "माझ्या घरी पाठवून मी काय करू? कोंबड्या वाचतील काय?" शेवटी तिच्या नातीच्या फोनवर करून दिला. कोणाची पेन्शन मंजूर झाल्याचा मेल निघाला, कोणाच्या दाखल्यात त्रुटी असल्याचा. काही जुने, काही कामातून गेलेले. दर वेळी प्रेरणा तो छापायची आणि माझ्यासमोर ठेवायची. निकालात तिचं नाव प्रतीक्षा यादीत दुसरं लागलं होतं. तोही महिना तिने उभ्यानेच काढला. जुलैच्या दहा तारखेला तिचा फोन वाजला. तिने मेल वाचला, फोन काउंटरवर ठेवला, पुन्हा उचलून वाचला. "भाऊ, झालं," म्हणाली. "माझ्याच ईमेलवर आलं." आणि दोघंही हसलो आणि रडलोही. मी तिच्यासाठी पेढे आणायला धावलो तर ती मागून ओरडली, "नावं अर्धी राहिली आहेत अजून, विसरू नका!"

ती नागपूरला गेली त्याला आता दोन आठवडे झाले. काकाजी धानाच्या रोवणीत आहेत. तलाव भरतो आहे, आणि तिचे डबे पुन्हा पाण्यात उभे आहेत. मी एकटाच नावं काढत बसतो. नावं उरकत येतील तसा जीव हलका होईल असं वाटलं होतं, पण प्रत्येक नाव टाइप करताना भीती वाटते, याचं काय निघेल.

काल हिमांशू आला. "लीलाधरभाऊ, माझाही करून टाका बा ईमेल. ती प्रेरणा मास्टरीन फोनवर ओरडून राहिली माझ्यावर," म्हणाला आणि हसत स्टुलावर बसला. मी त्याचं नाव टाकलं. अकरा मेल निघाले. दहा जाहिरातींचे. अकरावा पाच वर्षांपूर्वीचा होता. लेखी परीक्षेत उत्तीर्ण. धावण्याच्या चाचणीला हजर राहावे. तारीख, वेळ, मैदान, सगळं लिहिलेलं.

मी तो दोनदा वाचला. टेम्पोत त्याने प्रेरणाला काय सांगितलं होतं ते आठवलं. बाहेर त्याचा टेम्पो उभा होता, मागे मिरचीची पोती भरलेली. बोट माउसवर होतं.

"काय भाऊ, काही निघालं काय माझ्या नावाचं?" तो म्हणाला.

"हिमांशू," मी म्हटलं, "स्टूल जवळ घे." आणि मॉनिटर त्याच्याकडे फिरवला.